नापास नियम, मुक्काम पांजरपोळ

नारायणगावात घेवरचंद शेठांचं किराणा दुकान. उद्या कोणता माल जास्त खपेल हे आधीच सांगणारा प्रोग्रॅम त्यांच्या नातीनं, सिद्धीनं, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी केला होता. ‘चतुर्थी असेल तर लेण्याद्रीला जाणारे साबुदाणा नेतात’ असले शेकडो नियम त्यात भरलेले. अंदाज बरोबर आला की त्या नियमाला मार्क मिळायचे.

“जास्त मार्कवाल्यांच्या जोड्या लावते, दादाजी. त्यांना पोरं होतात, ती आणखी हुशार निघतात.”

शेठ खूश झाले. “आन् ढ असतात ते?”

“ते मारून टाकते.”

शेठांचा चहा हातातच राहिला. “जैनाच्या घरात? न्हाई जमायचं. म्हातारी गाय आपण पांजरपोळात सोडतो, का खाटकाला देतो?”

परीक्षा तोंडावर आलेली, वाद घालायला वेळ नव्हता. सिद्धीनं लॅपटॉपवर ‘पांजरपोळ’ नावाचं फोल्डर केलं आणि सगळे ढ नियम त्यात नेऊन ठेवले. तेव्हा कुठं शेठांच्या घशाखाली चहा उतरला.

पण पांजरपोळात हात हलवत कसं जायचं? परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी सिद्धीचा डोळा लागलेला बघून शेठांनी गुळाचा चांगला मोठा खडा आणला आणि लॅपटॉपच्या बटणांवर हळूच ठेवला.

&nbsp;

आज परीक्षक समोर बसलेत, आणि लॅपटॉप चालू करण्याआधी सिद्धी त्यातली शेवटची मुंगी आपणहून बाहेर यायची वाट बघतीय.