लाल पत्रे

रंग फवारायची गन फसफसली आणि नुसती हवा सोडू लागली. वाल्बुर्गाने डबा हलवून पाहिला. रिकामा. समोर चार पत्रे अजून प्रायमरच्या लाल अस्तरावरच उभे होते.

रणगाड्याच्या कुशींना टांगायचे ते पत्रे. आज चार रणगाडे कारखान्यातून आघाडीवर जायचे होते. डाव्या कुशीचे पत्रे ओटिली रंगवायची, उजव्या कुशीचे वाल्बुर्गा. रंगाचा तुटवडा होता. लाल झाकलं न झाकलं एवढाच पिवळा हात मारायचा, असा वरून हुकूम होता. वाल्बुर्गा मात्र प्रत्येक पत्र्यावर गन दोनदा फिरवायची, ओठांतल्या ओठांत ‘नमो मारिया’ म्हणत. तिचा पोरगा लेओनहार्ट अशाच एका रणगाड्यात बसत होता. लाल रंग जरासा राहिला तरी शत्रूला फार लांबून दिसतो, असं तो सुट्टीवर आला तेव्हा म्हणाला होता.

ओटिलीने डब्यात डोकावलं. “संपला? माझा तर सगळ्यांना पुरला.”

“मी जरा नीट मारला.”

“नीट? अगं, नवरीसारखे नटवलेस की! लग्नाला निघालेत का हे?” ओटिली हसली. मग तिची नजर त्या चार पत्र्यांवर गेली आणि हसू तिथंच विरलं. “आणि हे चार कोणाच्या पोराला? माझ्या क्विरिनला?”

“असं नको म्हणूस. मी सगळ्याच पोरांसाठी प्रार्थना करते गं.”

“प्रार्थना सगळ्यांसाठी. आणि रंग?”

वाल्बुर्गाने रिकामा डबा पुन्हा हलवून पाहिला.

तेवढ्यात मुकादम रीडल आला. म्हातारा, पेन्शनीतून परत बोलावलेला. त्याने पत्र्यांकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, त्याला सगळं उमजलं.

“साहेब, अजून एक डबा...”

“कुठून आणू? घरी गाय आहे, ती पिवळा रंग देत नाही.”

“मग आधीच्यांवरचा खरवडते मी.”

“वाळलाय तो, बाई.”

“चूक माझी आहे. काय शिक्षा द्यायची ती मला द्या.”

“तुम्हाला शिक्षा करून पत्रे पिवळे होणार आहेत?”

बाहेर मालगाडी येऊन उभी होती. रंग नाही म्हणून ती थांबणार नव्हती.

ओटिलीचा आवाज चढला. “चारही शेवटच्या रणगाड्याचे आहेत, साहेब. अख्खी कूस लाल! आतली पोरं सरळ मरायलाच पाठवताय की!”

रीडल हनुवटी खाजवत राहिला. मग पत्रे टांगणाऱ्या माणसांकडे वळून ओरडला, “अरे, ते चार लाल एकावरच नका टांगू! एकेकावर एक लावा. पिवळे काढा, अदलाबदल करा. कोणाची तक्रार नको.”

ओटिलीने सुस्कारा सोडला. “हे बरं झालं. सगळ्यांना सारखं.”

वाल्बुर्गाने ‘नको’ म्हणायला तोंड उघडलं. पण मग कोणता रणगाडा लाल ठेवा म्हणून सांगणार? तिने तोंड मिटलं.

दार सरकलं. एकामागून एक रणगाडे धडधडत उजेडात आले. पिवळे, देखणे, आणि प्रत्येकाच्या कुशीत एक लाल चौकोन. वाल्बुर्गा शेवटचा जाईपर्यंत बघत राहिली. एकही सुटला नव्हता.