गोधडीचं टोक

अंधारातच निकितानं बाळाच्या मुठीतून आपली ओढणी हलकेच सोडवली आणि तिच्या जागी गोधडीचं टोक दिलं. मूठ पुन्हा मिटली. गोधडी निकिताच्याच डोहाळजेवणातल्या हिरव्या साडीची होती, थंडी सुरू होताना सासूनं शिवलेली. रात्री निकिता ती मुद्दाम स्वतःच्या अंगावर घ्यायची, आपला वास तिला लागावा म्हणून.

"जा तू," चुलीपुढून केशरबाई, तिची सासू, म्हणाली. "उठला म्हंजी मी हाय."

फाट्यावर कंपनीची गाडी उशिरा आली. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या; धुकं असं, की पुढच्या ट्रॉलीला बांधलेलं लाल फडकं तेवढं दिसायचं. खिडकीची काच नीट लागत नव्हती. निकितानं कानावरून स्कार्फ घट्ट केला आणि सुप्याची कंपनी येईपर्यंत डोळे मिटून घेतले. झोप काही लागली नाही. पोरगं वर्षाचं होऊन गेलं होतं. बाबा म्हणायचं, भूभू म्हणायचं, शेजारच्या म्हशीलासुद्धा हाक मारायचं. आई तेवढं म्हणत नव्हतं.

ऑफिसात त्या दिवशी मान वर करायची सोय नव्हती. गेटवर ट्रकची रांग, ड्रायव्हर खिडकीत डोकं घालून बिलं मागतायत, प्रिंटर मधेच कागद गिळतोय. जेवायला बसायलाच तीन वाजले. डबा उघडला आणि फोन वाजला.

"आगं, म्हनला की तुझा ल्योक," केशरबाईला दम निघत नव्हता. "झोपंतनं उठला आन् आई म्हनला. मी म्हनलं, आदी तुला सांगावं. थांब, आईक."

फोनमधून खरखर आली, भांडं वाजलं, आणि मग एक ओला, बारका आवाज. आई. पुन्हा एकदा. आई.

निकितानं भिंतीकडं तोंड केलं.

"काय झालं गं?" शेजारच्या टेबलावरच्या ग्रेसनं विचारलं. "घरी बरंय ना सगळं?"

"आई म्हणाला."

"मग पेढे काढ. रडून सुटशील असं वाटलं का तुला?"

दुपारनंतर निकितानं एका बिलावर गाडीचा नंबरच चुकवला. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, लक्ष कुठंय आज?" तर ती हसली. साहेबांना ते हसू काही कळलं नाही.

परतताना पुन्हा त्याच ट्रॉल्या, तीच उघडी काच. पण आता गारठा तिला लागतच नव्हता. दारात कसं उभं राहायचं, 'कोण आलं' म्हणायचं की नुसते हात पुढं करायचे, हे तिनं वाटेत पुन्हापुन्हा ठरवलं आणि मोडलं.

घरात शिरली तेव्हा बाळ आजीला खेटून चुलीपुढं बसलं होतं. निकितानं चपला कशाबशा काढल्या, उंबऱ्याच्या आत गुडघे टेकले आणि हात पसरले.

"बघ रं, कोन आलं," केशरबाई म्हणाली.

बाळानं मान वळवली. उठलं. एका हातानं भिंत धरून डुगडुगत निघालं. "आई," म्हणालं.

निकितानं हात आणखी पुढं केले. बाळ अगदी जवळ आलं, तिच्या कोपराला धरून तोल सावरला, आणि हाताखालून वाकून पलीकडं गेलं. तिच्यामागं दाराला लागून असलेल्या खाटेवरून त्यानं हिरवी गोधडी दोन्ही हातांनी खाली ओढली आणि तिच्यात तोंड खुपसलं.

"आई."

केशरबाईचा भाकरीवरचा हात थांबला.

"तू गेलीस की लई रडायचा गं," ती म्हणाली. "मग मी गोधडी द्यायचे. म्हनायचे, ही घे तुजी आई, हिच्यापशी नीज. उगी ऱ्हायचा. मला काय ठावं, त्यो..."

"असू द्या, आत्या," निकिता म्हणाली. "भाकरी करपतीय."

तिनं बाळाला उचलायला हात लावला. स्वेटरला गाडीच्या डिझेलचा वास येत होता. बाळानं अंग चोरलं आणि गोधडी आणखी घट्ट धरली.

निकितानं स्वेटर काढून ठेवला. गोधडीचं दुसरं टोक हळूच घेऊन ते खांद्यावरून, मग डोक्यावरून ओढून घेतलं आणि भिंतीला टेकून बसली. बाळ थोडा वेळ बघत राहिलं. मग सरकत सरकत आलं, हिरव्या कापडावर गाल टेकला आणि डोळे मिटले.

निकितानं तोंडही गोधडीच्या आत घेतलं आणि तशीच बसून राहिली, न हलता.