डबल बेल

"आबा, सगळे प्रवासी चढले. निघा ना आता!" नातीने मोबाईलमधल्या बसकडे बोट दाखवलं.

"डबल बेल कुठे झाली?" आबांनी विचारलं.

पस्तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस तो. निवृत्तीपासून घरात नुसत्या येरझाऱ्या चाललेल्या. कंडक्टरच्या बेलशिवाय गाडी हलवतोय कसला! शेवटी तिनेच चमच्याने पेल्यावर दोन टोले दिले, तेव्हा कुठे बस सुटली.

घाट लागला तसे आबा आरामखुर्चीत ताठ झाले. दर वळणावर उजवा पाय फरशीवर ब्रेक दाबू लागला. शेवटच्या वळणावर ट्रक समोर आला आणि बस कठडा तोडून दरीत गेली.

"गेम ओव्हर! पुन्हा सुरू करा," नात हसत म्हणाली.

आबा उठले होते. चपला शोधत होते.

"कुठे निघालात?"

"थांब गं, आधी खाली उतरून बघू दे. बेचाळीस माणसं आहेत गाडीत."