फोटोत कोण कोण आहे

वेल्डिंगने माझे डोळे नेले, पण कान शाबूत आहेत. लेक परगावी नोकरीला, एकटी राहते. दर रविवारी खुशालीची वर्डची फाईल पाठवते. मी बाणाचं बटण दाबत जातो, कॉम्प्युटर एकेक ओळ वाचतो. फोटो आला की त्यात काय आहे तेही सांगतो.

मागच्या महिन्यात तो म्हणाला, "चित्र. खोलीत एक मुलगी. दारात एक माणूस."

"अगं, हा कोण?" मी बायकोला विचारलं.

मटार सोलता सोलता ती वाकली. "कुठला माणूस? एकटीच तर आहे. तुमच्या त्या डबड्याला चष्मा लावा!"

मीही हसलो. पुढच्या रविवारी तो म्हणाला, "खुर्चीत मुलगी. खुर्चीमागे एक माणूस." त्याच्या पुढच्या खेपेला, "खुर्चीत मुलगी. तिच्या खांद्यावर हात."

मी लेकीला फोन लावला.

"बाबा, दाराला कडी लावून मीच काढते हो फोटो. इथे कोण येणार?"

पोरगी खोटं बोलत नव्हती. ते मला आवाजावरून कळतं. म्हणूनच जास्त धसका घेतला.

आज पुन्हा रविवार. सकाळपासून तिचा फोन लागत नाही. "झोपली असेल," बायको म्हणते. फाईल मात्र वेळेवर आली. मी बाण दाबला.

"चित्र. रिकामी खुर्ची. एक माणूस."

मी परत दाबलं. परत तेच.

बायको माझ्या मागून स्क्रीनवर वाकली आणि कौतुकाने म्हणाली, "अगंबाई, काय गोड हसतेय पोरगी!"