आरशातली नजर

चालकाची खुर्चीच नसलेली बस पळसवडी फाट्यावर दारं मिटूनही उभीच राहिली, तशी सरकारी संशोधन केंद्रातली मृण्मयी वैतागली.

"बघा ना काका! दर थांब्यावर सात सेकंद फुकट घालवते. उद्या हा दोष काढूनच टाकते."

शेजारी बसलेल्या धायगुडे काकांना ते लागलं. एसटीतल्या ड्रायव्हरकीच्या शेवटच्या वर्षी अंगाला हालचाली टिपणाऱ्या तारा लावून त्यांनीच या बसला गाडी हाकायला शिकवलं होतं.

तेवढ्यात तापलेलं पोर कडेवर घेऊन एक बाई बांधावरून धावत आली. बसने दार उघडलं, बाई चढली आणि मगच बस हलली.

मृण्मयी बघतच राहिली. "काका, हे तुम्ही शिकवलंत?"

"मुद्दाम नाही गं. कंडक्टरने डबल बेल मारली तरी मी एकदा आरशात मागं बघायचो. कुणी पळत येत असेल तर?"

तिने दोषांच्या यादीतली ती ओळ खोडली. "राज्यातल्या चार हजार बस आता हिच्याकडून शिकणार आहेत."

"चार हजार आरसे!" काका म्हणाले आणि डोळे पुसायला खिडकीकडे वळले.