बाहेरून टेकू

"पयली शेरडं," म्हणत बनुबाईनं दोन्ही शेळ्यांची दावी धोंडुबाईच्या हातात दिली.

मग कोंबड्यांचं खुराडं. मग जोंधळ्याची पोती. मग देव. देव्हाऱ्यातले टाक तिनं पदरात बांधले आणि दगडी देवळात नेऊन ठेवले.

पाटणहून दवंडी आली होती: समुद्रात वादळ उठलंय, घाट चढून येणार. कोयनेच्या खोऱ्यातलं ते सगळं गाव आपापली घरं आवळत होतं. कौलांवरून दोर, दोरांना दगड.

"घर पडायला आलंय, आन् तू सकाळी सारवत बसली हुतीस म्हनं," शेजारची धोंडुबाई म्हणाली. "वर लुगडं बी धुतलंस. वाळायचं कवा ते?"

"हाताला सवय. पडलं तर सारवलेलं पडू दे."

धोंडुबाई हसली. मग हनुवटीनं घराकडे खूण करून म्हणाली, "आन् त्यो?"

त्यो म्हणजे तात्याबा, बनुबाईचा सासरा. गावात त्याचं नाव कुणी घेत नसे. त्रेचाळीस साली आपलं इनाम वाचवायला त्यानं पोटच्या पोराचा, भूमिगत झालेल्या जोतिबाचा, ठावठिकाणा पोलिसांना सांगितला होता. जोतिबा तुरुंगातच मेला. गावानं म्हाताऱ्याला वाळीत टाकलं. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याचा उंबरा ओलांडायचा नाही.

जोतिबाची बायको मात्र त्याच घरात राहिली. तीन वर्षं सासऱ्याला भाकरी वाढत होती. तो तिच्याशी बोलत नसे. काय हवं ते काठी आपटून सांगायचा.

"येत न्हाईत. नुसती काठी उगारत्यात."

"मग ऱ्हाऊ दे की! भिंत पडली अंगावर तर गाव साखर वाटंल."

बनुबाई उंबऱ्याशी गेली, डोईवरचा पदर पुढं ओढला आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"मामंजी! आवं, वादळ येतंय! चला की देवळात!"

आत काठीसुद्धा वाजली नाही.

"बगितलंस?" ती म्हणाली.

"लय सोसतीस बाई."

तेवढ्यात हंबीरराव आला. जोतिबाचा जिवाभावाचा दोस्त. मागं चार गडी, खांद्यावर वासे.

"वयनी, मागची भिंत बगितली का? पायाचं दगड निसटल्यात. वाऱ्याचा एक धक्का, की खलास!"

"घुशींनी पोखरलं असंल."

"दगड काढनारी घूस? लय दांडगी हाय गड्या!"

गडी हसले. बनुबाई हसली नाही.

"ऱ्हाऊ द्या, भावजी. तुमचं घर बगा आदी."

"आमचं व्हईल. उंबरा आमी वलांडत न्हाई. पन भिंतीला भायेरनं टेकू द्यायला कुनाची बंदी हाय?"

"नको म्हनते न्हवं मी!"

आवाज एकदम चढला. गडी एकमेकांकडे बघू लागले. हंबीररावाचा चेहरा मऊ झाला.

"असं परकं मानू नगासा. त्या मुडद्यासाठी न्हाई करत. जोतिबाच्या बायकूसाठी करतोय."

दगड परत पायात बसले. चिखल भरला. वासे तिरके लावून ठोकले, छपरावरून दुहेरी दोर आवळले. बनुबाई जांभळीखाली उभी होती. प्रत्येक ठोक्यासरशी ती पदराचं टोक पिळत होती.

मग वारा.

कौलं. कौलं. कुणाचा तरी पत्रा, अख्खा, पाखरासारखा.

फणस, मुळासकट.

कोण ओरडलं? कुणीच नाही. वाराच.

देवळात गाव दाटीवाटीनं बसलं होतं. बनुबाई दाराच्या फटीला डोळा लावून बसली होती. तिचे ओठ हलत होते.

"देवाला काय मागतीस गं?" धोंडुबाईनं कानाशी लागून विचारलं. "त्याच्यासाठी मागतीस?"

"व्हय. त्यांच्यासाठीच."

"एवढं करून बी..." धोंडुबाईनं डोळे पुसले.

दिवस कलता वारा पडला. लोक बाहेर आले आणि जागच्या जागी थबकले. निम्मी आळी आडवी झाली होती. हंबीररावाच्या घराला छप्परच उरलं नव्हतं.

तात्याबाचं घर उभं होतं. कौलसुद्धा हललं नव्हतं.

"वयनी!" हंबीरराव स्वतःचं घर विसरून नाचायला लागला. "उभं हाय! टेकू बगा, जागचा हलला न्हाई!"

बनुबाई घराकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते बघून बायकाही रडू लागल्या.

हंबीरराव गावाकडे वळला. "गड्यांनो, हिचा नवरा गेला त्याच्यापायी. तरी ही त्याला पोसती, देवळात त्याच्यासाठी हात जोडती. आन् आपुन राग धरून बसलोय. माझं छप्पर गेलं, जाऊ दे. पन आजपासनं वाळीत टाकनं बंद! म्हाताऱ्याला मी सोता हाताला धरून भायेर आनतो."

"बरुबर हाय!" कुणीतरी ओरडलं.

"भावजी, थांबा. ते झोपल्यात..."

"एवढ्या वादळात? भले!"

त्यानं वहाणा काढल्या. तीन वर्षांनी त्या उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि वाकून आत शिरला.

"तात्याबा! आवं उठा, घर वाचलं तुमचं!"

बनुबाई अंगणातच उभी राहिली. पहाटे तिनं वरवंट्यानं फोडलेल्या त्या डोक्यावर भिंत पडायची तेवढी राहून गेली होती.