देवळावरचा तंबू

आमचं लग्न झालं त्याच वर्षी डोंगरावरच्या अपोलोच्या देवळाची डागडुजी निघाली आणि सगळ्या देवळावर पांढरा तंबू चढला. तेव्हापासून लग्नाच्या दर वाढदिवसाला आम्ही वर येतो, पाव आणि ऑलिव्ह खातो, तंबूला नावं ठेवतो. “हा निघेपर्यंत मी काही मरत नाही,” माझा नवरा थोदोरिस दरवर्षी बजावतो. “म्हणजे माझी सुटका नाहीच,” मी म्हणते. यंदा डॉक्टरांनी हात टेकलेत, तरी तो आला. गाडीपासून फाटकापर्यंत चारदा बसला. ओळखीचा रखवालदार धावतच आला. “काका, सगळे खांब सरळ झाले. येत्या वसंतात तंबू उतरवणार.” “झालं तर मग,” म्हणत थोदोरिसने काठीवर हनुवटी टेकवली. मी रखवालदाराला बाजूला घेतलं. “एवढी घाई कशाला रे?” म्हटलं. “पुन्हा नीट बघायला सांग, एखादा खांब अजून कललेला असेल.”